आकाशाचा सातबारा : नकाशात पूर्व डावीकडे कशी?

जानेवारीच्या अंकात मधल्या पानावर तारकानकाशा दिला, तेव्हा वाटलं होतं की चार-दोन पत्रं येतील. आली एकोणचाळीस, आणि त्यातली अकरा एकाच प्रश्नाची. नव्या वाचकांना आधी सांगून ठेवते, मी खगोलशास्त्रज्ञ नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात तेहतीस वर्षं नकाशे काढले, टिपणं उतरवली, जमिनींच्या फाळणीच्या जुन्या कागदांवरची धूळ खाल्ली. वरचे नकाशे वाचायचे ते रात्री, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर. या सदराचं नाव तिथूनच आलं.

प्रश्न : ताई, तुमच्या नकाशात पूर्व डावीकडे आणि पश्चिम उजवीकडे छापली आहे. मी सहावीला भूगोल शिकवते. मुलांनी लगेच चूक धरली आणि मला उत्तर देता आलं नाही. छपाईत गडबड झाली का?
(शिक्षिका, बार्शी)

गडबड नाही, पण मुलांना माझ्याकडून शाबासकी द्या. अकरा मोठ्या माणसांनीही हेच विचारलंय. दोघांनी तर लाल पेनाने दुरुस्ती करून नकाशा परत पाठवलाय.

गावाचा नकाशा आपण वरून खाली बघत काढतो. कागद टेबलावर आणि आपण त्याच्या वर. आकाशाचा नकाशा खालून वर बघत काढलेला असतो. फरक एवढाच. वर्गातच करून दाखवा. नकाशा छापील बाजू खाली करून डोक्यावर धरायचा आणि 'उत्तर' लिहिलेली कड खऱ्या उत्तरेकडे करायची. 'पूर्व' आपोआप पूर्वेला जाऊन बसते.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. 1986 साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा मला नोकरी लागून दोनच वर्षं झाली होती. गुढीपाडव्याच्या आसपासचे दिवस, आकाशात चंद्र नाही, गावात दिवे मोजके. वर्तमानपत्रातलं कात्रण घेऊन मी, धाकटा भाऊ आणि वडील रात्री अकराला गच्चीवर गेलो. कात्रण फरशीवर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले, उत्तर लावली. शेतात प्लेन टेबल लावतात तशी, अगदी काटेकोर. आणि तासभर नैर्ऋत्येला बघत बसले. धूमकेतू होता आग्नेयेला. दुसऱ्या रात्रीही तेच. वडील म्हणाले, "सरकारी मोजणी आहे, वेळ लागणारच."

तिसऱ्या रात्री भाऊ कंटाळून फरशीवर उताणा पडला आणि कात्रण तोंडासमोर धरून वाचायला लागला. वाचता वाचता म्हणाला, "ताई, हे असं धरलं की पूर्व पूर्वेला येतेय." नकाशे काढून पगार घेणारी मी, आणि मला हे दहावीतल्या पोराने दाखवलं. धूमकेतू दिसला तो म्हणजे कापसाचा पुसट बोळा. पेपरात फोटो होता तसली शेपटी आम्हाला काही दिसली नाही. वडील खाली जाऊन झोपले. पुढची फेरी 2061 साली आहे. तुमची सहावीतली मुलं तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची असतील. त्यांना नकाशा कसा धरायचा ते आत्ताच शिकवून ठेवा.

रोजच्या वापरात मात्र डोक्यावर कागद धरून उभं राहू नका, मान अवघडते. सोपी रीत अशी की ज्या दिशेला तोंड, त्या दिशेची कड खाली. दक्षिणेकडे बघताय तर 'दक्षिण' लिहिलेली कड पोटाकडे घ्यायची. ती कड म्हणजे समोरचं क्षितिज आणि नकाशाचा मधला बिंदू म्हणजे बरोबर डोक्यावरचं आकाश. पूर्वेकडे वळलात की हातातला कागदही वळवायचा. मग अक्षरं आडवी होतात, उलटी होतात, होऊ द्या. वर कुणाच्या कपाळावर नाव लिहिलेलं नाहीच.

आणि उत्तर नीट लावा, अंदाजाने नको. होकायंत्र नसेल तर ध्रुव आहे. आपण ज्या अक्षांशावर उभे असतो तितक्याच अंशांवर ध्रुव दिसतो. बार्शी साधारण अठरा अंशांवर, म्हणून तुमचा ध्रुव क्षितिजापासून अठरा अंश वर. हात पुढे ताठ करून मूठ धरली की ती दहा अंशांची होते. मुलांच्या मुठी लहान, पण हातही आखूड, त्यामुळे हिशेब जवळपास तोच राहतो. दोन मुठींना किंचित कमी, तिथे ध्रुव. तो खूप तेजस्वी असतो अशी समजूत घेऊन बघू नका. दुसऱ्या प्रतीचा साधा तारा आहे, पण आजूबाजूला दुसरं कुणी तेवढंही नाही, म्हणून उठून दिसतो. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास ईशान्येला सप्तर्षी उभे चढताना दिसतील, शेपटीकडचे तारे अजून क्षितिजाजवळच. त्यातले वरचे दोन म्हणजे क्रतू आणि पुलह. पुलहाकडून क्रतूकडे रेघ काढा आणि त्या दोघांतल्या अंतराच्या पाचपट पुढे न्या. आमच्या आजीला ऋषींची नावं माहीत नव्हती. ती म्हणायची बाज. चार पायांची बाज आणि ती पळवायला आलेले तीन चोर. मुलांना ही बाज पटकन सापडते.

प्रश्न : लंडनहून भाच्याने माझ्यासाठी तारे ओळखायची फिरती चकती आणली. तारीख आणि वेळ जुळवली की त्या वेळचं आकाश खिडकीत दिसतं. पण आमच्या गच्चीवर काहीच जुळत नाही. तारे अर्ध्या-पाऊण तासाने मागे आहेत आणि दक्षिणेकडचे काही तर चकतीत नाहीतच. चकती खराब आहे का?
(निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली)

चकती चांगली आहे, फक्त ती लंडनच्या हद्दीतली आहे. कराडचा गावनकाशा घेऊन पाटणची जमीन मोजायला गेल्यासारखं झालंय.

पहिली अडचण अक्षांशाची. लंडन साडेएक्कावन्न अंशांवर, तुम्ही एकोणीसवर. तिथे ध्रुव अर्ध्या आकाशाच्याही वर आणि दक्षिणेकडचं बरंचसं आकाश कायमचं क्षितिजाखाली. व्याधाच्या खालोखाल तेजस्वी असलेला अगस्त्य या दिवसांत तुमच्या गच्चीवरून रोज दिसतो, पण त्या चकतीच्या खिडकीत तो वर्षभर फिरवूनही येणार नाही. उलट सप्तर्षी लंडनला मावळतच नाहीत, आणि आपल्याकडे ते मजेत मावळतात. म्हणून त्या चकतीचा मधला भाग वापरा आणि कडांवर विश्वास ठेवू नका. चकती घ्यायचीच असेल तर अक्षांश बघून घ्या. वीस अंशांच्या आसपासची असली की महाराष्ट्रभर चालते.

दुसरी अडचण वेळेची, आणि ती भारतात घेतलेल्या चकतीलाही येऊ शकते. आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवतं, मिर्झापूरजवळून जाते ती रेषा. ताऱ्यांना प्रमाणवेळेचं सोयरसुतक नाही, ते तुमच्या स्वतःच्या रेखांशाप्रमाणे उगवतात. दर अंशाला चार मिनिटं. डोंबिवली 73.1 वर आहे, म्हणजे 9.4 अंश पश्चिमेला. चारने गुणलं की अडतीस मिनिटं झाली. घड्याळात नऊ वाजले असतील तर चकतीवर 8 वाजून 22 मिनिटं लावा, तारे जागेवर येतील. पुण्याला पस्तीसेक मिनिटं वजा करायची, नागपूरला चौदाच. 1906 साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली 39 मिनिटं मागची 'बॉम्बे टाइम' 1955 पर्यंत चालू ठेवली होती. लोकांना तो हट्टीपणा वाटायचा. चकतीवाल्यांच्या दृष्टीने मुंबईकर बरोबर होते.

चकतीवर आणखी एक गोष्ट खटकेल. दक्षिणेकडचे समूह आडवे ताणलेले दिसतात. गोल आकाश सपाट कागदावर पसरायचं म्हटलं की कुठेतरी ताण येणारच, आणि अशा चकतीत तो ध्रुवापासून लांब असलेल्यांच्या वाट्याला येतो. वृश्चिकाची नांगी चकतीत फताडी दिसली तर घाबरू नका.

प्रश्न : नकाशात शेकडो ठिपके आहेत. माझ्या बाल्कनीतून मोजून बारा-पंधरा तारे दिसतात. कुठल्या ठिपक्याला कुठला तारा म्हणायचं? दोन रात्री प्रयत्न करून नकाशा कपाटात ठेवला.
(गृहिणी, पिंपरी)

काढा तो कपाटातून. या वेळचं सगळ्यात प्रामाणिक पत्र तुमचं आहे.

मुलांच्या दप्तरात ट्रेसिंग पेपर असेल. तो नकाशावर ठेवा आणि फक्त सगळ्यात मोठे ठिपके उतरवून घ्या. ठिपका मोठा तितका तारा तेजस्वी, ही सगळ्याच तारकानकाशांची रीत आहे. ताऱ्यांची प्रत मात्र उलटी मोजतात. आकडा लहान तेवढा तारा तेजस्वी, आणि पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या शंभर पट तेजस्वी. सहाव्या प्रतीचे तारे दिसायला अंधारं गाव लागतं. पिंपरीला पहिल्या-दुसऱ्या प्रतीचे दिसले, तिसऱ्याचे थोडे दिसले, की झालं. तो ट्रेसिंग हाच तुमच्या बाल्कनीचा नकाशा. मी ऑफिसात हेच करायचे. सगळ्या गावाचा नकाशा घेऊन कुणी बांधावर जात नाही, लागेल तेवढा तुकडा उतरवून घेतात.

आता सुरुवात. मोजणीला गेल्यावर वाटेल तिथून साखळी टाकत नाहीत. आधी शिवेचा दगड शोधतात, ज्याच्याबद्दल दोन्ही गावांचं एकमत आहे असा. तिथून पुढे माप. आकाशातही आधी एकच गोष्ट अशी शोधायची की जिच्याबद्दल शंकाच नाही, आणि या ऋतूत ती म्हणजे मृगाचं तिकांडं. एका ओळीत, जवळजवळ, सारखे तीन तारे. रात्री नऊला दक्षिणेकडे तोंड करून मान बरीच वर करा. डोक्यावरच्या बिंदूपासून दोनच मुठी खाली असतील. भोवती चार तारे म्हणजे हरणाचे चार पाय आणि तिकांडं म्हणजे पोटात रुतलेला बाण. त्या चारांत तांबूस दिसतो तो काक्षी, आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला निळसर पांढरा तो राजन्य.

बाण कुणी मारला? व्याधाने. मग बाणाची रेघ मागे न्या, डावीकडे खाली. दोन मुठी आणि वर थोडं, सुमारे तेवीस अंशांवर, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा उभा आहे, तोच व्याध. आता तीच रेघ उलट बाजूला, उजवीकडे वर न्या. पुन्हा तेवढंच अंतर, तेवीस अंश, आणि तिथे तांबूस रोहिणी. रेघ तंतोतंत तिच्यावर पडत नाही, जराशी बाजूने जाते, पण जवळपास दुसरा दावेदार नाही. अजून दीड मूठ पुढे कृत्तिकांचा पुंजका. पिंपरीतून तो धुराच्या डागासारखा दिसेल, गावाकडे गेलात की त्यात सहा तारे मोजता येतात का बघा. एका ठाम खुणेवरून तीन नवे पत्ते सापडले, आणि एकदाही अंदाज करावा लागला नाही.

ही मुठीची युक्ती कागदावरही चालावी म्हणून मी एक चलाखी केली होती आणि सांगायला विसरले. जानेवारीच्या नकाशाची त्रिज्या मी मुद्दाम नऊ सेंटीमीटर ठेवलीय. डोक्यापासून क्षितिजापर्यंत नव्वद अंश, म्हणून मध्यापासून कडेकडे जाताना एक सेंटीमीटर म्हणजे एक मूठ. फूटपट्टी लावा आणि आकाशात तितक्या मुठी मोजा. आडव्या अंतराला मात्र हे प्रमाण कडेजवळ लागू पडत नाही, क्षितिजाशी ते दीडपट ताणलेलं आहे. लोक चुकतात ते बहुतेक इथेच. नकाशात सप्तर्षी बोटाएवढे दिसतात, म्हणून आकाशातही बोटाएवढे शोधतात. खरे सप्तर्षी या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच मुठींचे आहेत. एकदा हा अंदाज बसला की निम्मं काम झालं.

दिव्याचं विसरू नका. नकाशा बघायला मोबाईलची बॅटरी लावली की डोळे पुन्हा कोरे. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढरा उजेड ते सगळं क्षणात घालवतो. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाची दुहेरी घडी रबर लावून बसवा. माझ्या टॉर्चला गेली बारा वर्षं नातेवाइकांच्या लग्नातल्या रुखवतावरचा लाल कागद आहे.

प्रश्न : आमच्याकडं मृग जूनमधे निघतो, तवा पेरणीची घाई असते. तुमच्या नकाशात मृग जानेवारी-फेब्रुवारीत कसा? का ह्यो मृग येगळा?
(शेतकरी, हिंगोली जिल्हा)

दादा, मृग तोच आहे. 'मृग निघाला' म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरला. आकाशाच्या वर्तुळाचे सत्तावीस भाग केले की एकेक नक्षत्र 13 अंश 20 कलांचं होतं. सूर्य एका भागात तेरा-चौदा दिवस राहतो आणि मृगाच्या भागात साधारण 8 जूनला जातो. आता ज्या घरात दिवा पेटलाय त्या घरासमोरची पणती दिसेल का? सूर्य मृगात, म्हणजे मृग दिवसा सूर्यासोबत उगवणार आणि त्याच्यासोबतच मावळणार. जूनमध्ये तो तुमच्या डोक्यावरून जातो, पण दुपारी बारा वाजता.

रात्री दिसायला सूर्य लांब जावा लागतो. डिसेंबरात तो आकाशाच्या पार दुसऱ्या बाजूला असतो, मग मृग संध्याकाळी उगवून रात्रभर दिसतो. हे सरकणं रोज चार मिनिटांचं. आज नऊला जो तारा जिथे, तो उद्या आठ वाजून छप्पन्न मिनिटांनी तिथे. महिन्याला दोन तास होतात. म्हणूनच नकाशाच्या खाली '15 जानेवारी रात्री 10, 30 जानेवारी रात्री 9, 15 फेब्रुवारी रात्री 8' अशा तीन वेळा छापल्यात. तिन्ही वेळी आकाश एकच.

तुम्ही स्वतः ताडून बघा. मेच्या मध्यापर्यंत मृग दिवेलागणीनंतर मावळतीला खाली दिसेल. मग गायब. जुलैअखेर ढग फाटले तर पहाटे पाचला पूर्वेला पुन्हा हजर. मधल्या काळात तो सूर्याच्या उजेडात, म्हणजे तुमच्या पेरणीत. नक्षत्राचं वाहन बेडूक, म्हैस की उंदीर आणि त्यावरून पाऊस किती, हे मला विचारू नका. त्यावरून माझे आणि सासऱ्यांचे वाद व्हायचे, ते गेल्यावरही मी आपलं म्हणणं बदललेलं नाही.

प्रश्न : पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ एक फार तेजस्वी तारा आहे, व्याधापेक्षाही. नकाशात तो नाहीच. राहून गेला का?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, जळगाव)

राहिला नाही, घातला नाही. तो गुरू आहे. 10 जानेवारीला तो सूर्याच्या बरोबर समोर आला होता, म्हणून सध्या इतका झगझगीत. नकाशात बांध दाखवतात, बांधावर चरणारी गाय दाखवत नाहीत. गुरूला एक फेरी मारायला जवळपास बारा वर्षं लागतात, वर्षाला सुमारे एक रास. सध्या मिथुनेत आहे, पुढच्या हिवाळ्यात तिथे नसेल. नकाशात तुटक रेघेने सूर्याचा मार्ग दाखवलाय. त्या रेघेच्या आसपास एखादा जादा 'तारा' दिसला आणि तो लुकलुकत नसला की ग्रह समजायचं. त्या रेघेपासून फार लांब दिसला तर बहुधा विमान, थोडा वेळ थांबा.

प्रश्न : मुलाकडे मेलबर्नला आले आहे. इथे मृग डोकं खाली करून उभा आहे! तुमचा नकाशा इथे चालेल का?
(आजी, मूळ गाव मिरज)

नाही चालणार, आजी. आणि मृग डोकं खाली करून नाही, तुम्ही पृथ्वीच्या खालच्या अंगाला उभ्या आहात. तिथे मृग बघायला उत्तरेकडे तोंड करावं लागतं, म्हणून डावं-उजवं, वर-खाली सगळं फिरतं. ध्रुव तिथून दिसत नाही, सप्तर्षी जवळपास नाहीतच. पण मिरजेत अगस्त्यासाठी दक्षिणेला खाली वाकून बघावं लागतं, तो तिथे या दिवसांत डोक्याजवळ येतो. त्रिशंकूही तिथे कधी मावळत नाही. मुलाला दक्षिण गोलार्धाची चकती आणायला सांगा, सदतीस-अडतीस अंशांची.

प्रश्न : वडिलांच्या सामानात '1950' लिहिलेला ताऱ्यांचा जुना नकाशा सापडला. वापरू का?
(वाचक, बेळगाव)

खुशाल. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे नकाशावरच्या आडव्या-उभ्या रेघा बहात्तर वर्षांत सुमारे एक अंश सरकतात. म्हणजे दोन पूर्णचंद्र शेजारी ठेवल्याएवढं अंतर. साध्या डोळ्यांना कळणार नाही. दुर्बिणीचे आकडे लावून एखादी अंधूक वस्तू शोधायची असेल तरच '2000' लिहिलेला घ्या. तारे एकमेकांच्या शेजारी जिथे होते तिथेच आहेत.

प्रश्न : मोबाईल आकाशाकडे धरला की ॲप सगळी नावं सांगतं. मग कागदाचा खटाटोप कशाला?
(इंजिनिअर, पुणे)

वापरा की, मीही स्टेलॅरियम वापरते. उद्या संध्याकाळी चंद्राशेजारी कोण असेल हे मला त्यातच बघायचं असतं. पण गेल्या वर्षी शेजारचा मुलगा मोबाईल घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, शनी तुमच्या पाण्याच्या टाकीत आहे." त्याच्या मोबाईलच्या कव्हरला लोहचुंबकाचं बटण होतं आणि तो उभा होता गच्चीच्या लोखंडी कठड्याला टेकून. मोबाईलमधलं होकायंत्र अशा वेळी हवी ती दिशा उत्तर म्हणून सांगतं. कव्हर काढून, कठड्यापासून चार पावलं लांब जाऊन, मोबाईल हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवला, तेव्हा शनी टाकीतून बाहेर आला. त्या मुलाला शनी टाकीत असण्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे मला जास्त लागलं. पूर्वेला काय असायला हवं याचा थोडा अंदाज डोक्यात असता तर तो टाकीपाशीच हसला असता. तो अंदाज मला कागदाने दिला. पडद्यावर बोट ठेवून नाव वाचलेला तारा दुसऱ्या रात्री मला पुन्हा शोधावा लागतो. मुठीने मोजून गाठलेला तसा शोधावा लागत नाही. तुमचं वेगळं असेल तर लिहा, पुढच्या अंकात छापू.

प्रश्न : मावशी, मी सातवीत आहे. मला अगस्त्य बघायचा आहे पण आमच्या घराच्या दक्षिणेला डोंगर आहे. दिसेल का?
(विद्यार्थिनी, जावळी तालुका)

बाळा, हे डोंगरावर अवलंबून आहे, आणि ते तूच मोजू शकतेस. आपल्या भागातून अगस्त्य जास्तीत जास्त वीस अंशांपर्यंत वर येतो, म्हणजे दोन मुठी. फेब्रुवारीच्या मध्याला तो रात्री नऊच्या सुमारास बरोबर दक्षिणेला येतो. व्याध सापडला की त्याच्या सरळ खाली साडेतीन मुठी मोज, तिथे पांढरा, जरा थरथरणारा तारा म्हणजे अगस्त्य. 15 तारखेला महाशिवरात्र आहे. चंद्र पहाटेपर्यंत उगवत नाही आणि घरात कुणी ना कुणी जागं असतंच, त्यांना सोबत घे. डोंगर दोन मुठींपेक्षा उंच असेल तर देवळाच्या बाजूला, जिथून दक्षिण मोकळी दिसते तिथे जा. पण आधी एखाद्या दुपारी दाराशी उभी राहा, हात ताठ कर, एका मुठीवर दुसरी मूठ ठेव आणि डोंगर किती मुठींचा भरतो ते मला पोस्टकार्डावर कळव.